पहिला लागलेला फोन

६ ऑगस्ट

वैष्णवीला विद्यापीठात जागा फुकट मिळाली, असं मार्गासनीत जो तो म्हणतो. आज दुकान उघडायच्या आधी बसून मी ती जागा खरी कितीला पडली ते मांडून बघितलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वेल्ह्याच्या खेपा, त्यातही निम्म्या वेळा सर्व्हर झोपलेला. धरणग्रस्ताच्या दाखल्यासाठी भोरच्या प्रांत कचेरीचे हेलपाटे, ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. पोरीची अकरावी-बारावीची दोन वर्षं, जाताना पहाटेची एसटी आणि येताना मिळेल तो टेम्पो. आणि या सगळ्याच्या बुडाशी गुंजवण्याचं आमचं भातखाचर, जे धरणाच्या पाण्यात गेलं. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांच्या एका मुलाची किंवा मुलीची पूर्ण फी हे विद्यापीठ माफ करतं. म्हणजे आमच्या वडलांनी, गेनबांनी, ज्या दिवशी खाचर सोडलं त्याच दिवशी नातीची फी भरली. त्यांना तसं कुणी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते राहिलेही नाहीत.

अट एकच. पहिल्या सत्रात हजेरी शंभरात पंचाहत्तर पाहिजे. त्याखाली घसरली की माफी गेली, पुढं पूर्ण फी. तो आकडा मी एकदाच वाचला आणि कागद पालथा घातला.

सिमकार्डवाल्या कंपनीचा माणूस दरवर्षी मला डायरी देतो आणि मी ती कुणातरी मास्तरांना देऊन टाकतो. यंदाची कपाटात राहून गेली होती. पोर घराबाहेर गेली की घरातलं अर्धं बोलणं तिच्याबरोबर जातं. उरलेलं इथं लिहीन म्हणतो.

९ ऑगस्ट

काल पोरीला सोडून आलो. विद्यापीठ कात्रजच्या पलीकडं, टेकडी कापून बांधलेलं, सगळं नवं कोरं, झाडंसुद्धा काठीला बांधलेली. वैष्णवी आणि तिची आई मंगल वसतिगृहाच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग हलायचं नाव घेईना. फाईल माझ्याकडे होती, तिच्यात वायफायची चिठ्ठी निघाली: पोरीचा आयडी आणि पासवर्ड.

इथलं वायफाय आपल्यासारखं नाही. आपल्याकडं घराला एक किल्ली, ज्याच्या हातात द्याल तो आत. इथं प्रत्येक पोराचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, वर फोन सर्टिफिकेट घेतो तेव्हा आत सोडतात. फोनलासुद्धा दाखला लागतो म्हणायचं. दाखल्यांच्या बाबतीत आपण मुरलेले.

माझी कामाची रीत साऱ्या खोऱ्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाचं सिम असो, चार्जर असो, मेमरी कार्ड असो, आधी माझ्या फोनला लावून बघायचं. माझ्या फोनवर चाललं म्हणजे वस्तू चोख. पुढं काही अडलं तर दोष गिऱ्हाइकाच्या फोनचा. रेडिओ दुरुस्त करत होतो तेव्हापासून ही रीत आहे आणि तिने मला कधी तोंडघशी पाडलं नाही. तेच केलं. गेटजवळच्या कठड्याला टेकून आयडी टाकला, सर्टिफिकेट घेतलं, आणि टिंग. कुठलंही नेटवर्क लागलं की देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज यावा अशी सोय मी फोनवर करून ठेवली आहे. माझे कान माझ्या डोळ्यांपेक्षा तिखट, म्हणून. शेजारी दोन शहरातले बाप अजून चष्मे वरखाली करत होते.

मग गेटसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि सावळाराममामांना पाठवला. पापणी लवायच्या आत गेला. खाली लिहिलं, "पोरीच्या आधी बाप विद्यापीठात लागला."

चिठ्ठी घडी घालून फाईलीत ठेवली, फाईल पोरीला दिली. म्हटलं, मी बघून घेतलंय, आयडी चोख आहे. तिचा फोन जोडून द्यायला वेळ मिळाला नाही, रांगेतून त्या बाहेर आल्या तोवर आमचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

११ ऑगस्ट

सावळाराममामा फोन चार्जिंगला लावायला आले. वरच्या वाडीतली त्यांची मेंढरं, वीज कधी असते कधी नसते, म्हणून आठवड्यातून दोनदा माझ्या बाकावर त्यांची बैठक. पायरी चढायच्या आधीच मला कळतं, काठी दोनदा आपटून मग खोकतात.

"फोटू बघितला," म्हणाले. "पोरगी कुठं हाय त्यात?"

"ती रांगेत होती, मामा."

"आन् तू?"

"मी वायफाय जोडत होतो."

"म्हंजी शिकायला गेली ती, आन् फोटू तुझा. बरं हाय तुझं, इंजिनेर."

दुकानातली सगळी हसली. मीही हसलो. मामांना चहा सांगितला.

१८ ऑगस्ट

वैष्णवीचा फोन. "आबा, वायफाय लागत नाही. गोल फिरत राहतं आणि मग नाकारलं म्हणतं."

"आयडी नीट टाकलास?"

"पाच वेळा."

"आयडी चोख आहे, मी स्वतः बघून दिलाय. फोन बंद करून चालू कर."

ती म्हणाली, हजेरी फोनवरच लावायची असते. वर्गात बसून, विद्यापीठाच्या वायफायवर, ॲपचं बटण दाबायचं. आपल्या सिमच्या नेटवरून ते ॲप हजेरी घेत नाही, नाहीतर पोरं खोलीत झोपून हजर होतील. गणपतीपर्यंत सर कागदावर हजेरी घेतायत. म्हणजे वेळ आहे. मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर, हे माझ्यावर सोड.

२४ ऑगस्ट

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पोरीला फोनवर धरून एकेक सेटिंग बदलत गेलो. तारीख, वेळ, सर्टिफिकेट, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. तिच्या मागं ताटांचा आवाज येत होता, मेसमध्ये असणार. कुणीतरी तिला विचारलं, "अजून नाही लागला का गं?" ती म्हणाली, "माझे बाबा करतायत." आबा नाही, बाबा म्हणाली. तिकडं तसं म्हणत असतील.

लागला नाही.

आता गोम अशी की तो फोन माझ्याच दुकानातला. एका मास्तरांनी तो देऊन नवा घेतला होता, त्याला मी नवी काच, नवी बॅटरी घालून पोरीला दिला. दोष त्यात निघाला तर तो कुणाचा, हे मला कुणी सांगायला नको.

३१ ऑगस्ट

पोर गौरी-गणपतीला आली आहे. फोन टेबलावर घेऊन पुरता उघडला. दुकानाच्या वायफायला धाडकन लागतो. शेजारच्या पतसंस्थेच्या वायफायला लागतो. माझ्या फोनचं नाव "माऊली मोबाईल मार्गासनी" ठेवलंय, कुणी आसपास फोन शोधला की दुकानाची फुकटात जाहिरात होते. त्याच्यावरून नेट सोडलं, तेही घेतो. सगळ्यांचं ऐकतो, एक विद्यापीठ सोडून.

वैष्णवी समोर स्टुलावर बसली होती. म्हणाली, "आबा, तिथल्या ऑफिसात म्हणाले, एका आयडीवर एकच फोन. पहिला फोन काढल्याशिवाय दुसरा लागत नाही."

"तुझ्याकडं फोनच एक आहे."

"मी पण तेच म्हणाले. ते म्हणतात, कधीतरी दुसऱ्या फोनवर टाकला असेल."

मी डोकं चालवलं. प्रवेशाचा अर्ज तिने मंगलच्या जुन्या फोनवरून भरला होता. विद्यापीठाने तोच फोन धरून ठेवला असणार. जुना फोन घरातून मागवला आणि उभा आडवा पुसून टाकला, कंपनीतून आला तसा कोरा केला. म्हटलं, घे, तुझा पहिला फोन काढला.

ती म्हणाली, "विचारून तरी करायचं, आबा."

१ सप्टेंबर

त्या जुन्या फोनात गेनबांचा आवाज होता, हे मला आज मंगलकडून कळलं. वैष्णवीने लहानपणी भरून ठेवला होता. गुंजवण्याच्या खाचरात कुठून पाणी घ्यायचं, कुठून सोडायचं, बांध कुठं फुटायचा, असलं काहीतरी ते तिला सांगत होते.

"लई वेळा ऐकायची ती," मंगल म्हणाली. "तुमी दुकानात असायचा."

पुसलेलं परत काढायचं एक सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे. दिवसभर लावून ठेवलं. लग्नातले फोटो निघाले, कुणाच्या तरी बैलाचा व्हिडिओ निघाला. आवाज निघाला नाही.

८ सप्टेंबर

कागदावरची हजेरी बंद झाली. आणि जुना फोन पुसूनही काही उपयोग झाला नाही. वैष्णवी रोज वर्गात बसते आणि रोज गैरहजर लागते. सरांना सांगितलं तर म्हणतात, मला तू दिसतेस गं, पण सिस्टीमला दिसत नाहीस.

मी इथं बसून लोकांना रिचार्ज मारून देतोय.

१५ सप्टेंबर

नवा फोन घेतला, डब्यातला, सीलबंद, चांगल्या कंपनीचा. तिला पोचवायला सोमनाथच्या टेम्पोत दिला, तो भाजी घेऊन त्याच बाजूला जातो. संध्याकाळी तिचा फोन आला. त्यालाही नाकारलं.

आता माझ्याकडं उपाय उरला नाही. माझ्या फोनवर लागतं, तिच्या दोन्ही फोनांवर लागत नाही. मैत्रिणीच्या फोनवर तिचा आयडी टाकून बघितला, तिथंही नाही. ऑफिसला मी स्वतः फोन लावला. तो मुलगा म्हणाला, "काका, दुसरा कुठला फोन जोडलेला आहे का बघा." मी म्हटलं, बाळा, मी मोबाईलचं दुकान चालवतो, मला शिकवू नकोस. पोरीकडं दुसरा फोन नाही. तो म्हणाला, बरं, अर्ज द्यायला सांगा, आयडी मोकळा करून देतो. हे ऐकून घेण्यासारखं होतं. पोरीला लगेच कळवलं.

२२ सप्टेंबर

आज सकाळी वैष्णवीचा फोन आला. पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला.

"आबा, आयडी मोकळा केला त्यांनी. आता जो फोन पहिला लागेल तोच पक्का होणार. मी लावू?"

"थांब. हात लावू नकोस."

"का?"

"एका सत्रात कितीदा मोकळा करून देतात?"

"एकदाच."

"मग? तुझं काही चुकलं तर? मी उद्या येतो, माझ्या हाताने जोडून देतो. एका दिवसाने काही बिघडत नाही."

तिच्या मागं घंटा झाली. तिकडच्या तासाची असेल. "आज दोन तास आहेत, आबा. लागला तर दोन्हीची हजेरी लागेल."

"घाई करायची वेळ नाही ही."

"बरं," म्हणाली.

दुकानाला उद्या कुलूप. मंगल म्हणाली, "ती बारावीला पयली आली, तिला एक बटन दाबता यायचं न्हाई व्हय?" बाईमाणसाला या कामातली जोखीम कळत नाही.

२३ सप्टेंबर

हे लिहायला सुद्धा मन होत नाही, पण लिहितो.

सकाळीच निघालो. शिवऱ्यात चहाला थांबलो तर खिशात टिंग वाजलं. हायवेवरच्या निम्म्या हॉटेलांचं वायफाय माझ्या फोनला ओळखतं, आपण जाता येता जोडून ठेवलेलं. कात्रजला एका ठिकाणी वाजलं. विद्यापीठाच्या गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहीत होतो तेव्हा पुन्हा एकदा वाजलं. मी बघायलाही खिशात हात घातला नाही.

वैष्णवी तासाला होती. तास सुटल्यावर कँटीनमध्ये भेटली. वाळली आहे. तिने नवा फोन माझ्यापुढं ठेवला, पुसून, पालथा, डॉक्टरपुढं हात ठेवावा तसा. मी आयडी टाकला. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. सर्टिफिकेट घेतलं. गोल फिरलं.

नाकारलं.

पुन्हा टाकला. नाकारलं.

मी ऑफिसकडं निघालो तर ती म्हणाली, "जेवायची सुट्टी आहे त्यांना. तुम्ही जा आबा, शेवटची एसटी चुकेल." शेवटच्या एसटीला अजून पुष्कळ वेळ होता, हे तिलाही माहीत होतं.

मी कँटीनच्या बाहेर आलो आणि मागं वळून बघितलं तर ती तिथंच बसली होती. फोन अजून टेबलावर तसाच होता.

३ ऑक्टोबर

काल दसरा. पोर आली नाही. म्हणाली, अभ्यास आहे.

विद्यापीठाचं नेटवर्कच भिकार आहे असं मी दुकानात दोघांना सांगितलं. तिसऱ्याला सांगताना सावळाराममामा बाकावरून म्हणाले, "तुझं तर पापनी लवायच्या आत लागलं व्हतं न्हवं?"

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, मामा.

१९ ऑक्टोबर

वैष्णवी दिवाळीला आली. फोनचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. तिने मला उटणं कालवून दिलं, आकाशकंदिलाची वायर लांब करून मागितली. ते माझं काम, ते मी केलं.

दुपारी मागच्या अंगणात मायलेकी चकल्या घालत होत्या. मी आत पंख्याचा कंडेन्सर बदलत होतो. त्यांना वाटलं मी दुकानात गेलोय. तेलाच्या चुरचुरीतूनही मला शब्द न् शब्द आला.

"आता हजेरी भरून निघत नाही, आई. उरलेले सगळे दिवस लागली तरी."

"आबांना सांगितलंस?"

"नको. ते पुन्हा काहीतरी करतील."

मी स्क्रू तोंडात धरला होता. तो तसाच धरून बसलो. मग पुढच्या दाराने बाहेर गेलो, दहा पावलं चाललो आणि मोठ्याने खाकरत परत आलो, म्हणजे मी आत्ताच येतोय असं वाटावं.

६ नोव्हेंबर

पोरीला न सांगता विद्यापीठात जाऊन आलो. फोनवर फोनवर खूप झालं, म्हटलं समोर बसून विचारू.

संगणकाच्या ऑफिसात काउंटरवर अश्विनी म्हणून एक मुलगी होती, आमच्या पोरीपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी. मी आयडी सांगितला. तिने बघितलं.

"काका, या आयडीवर फोन जोडलेला आहे."

"तेच तर गाऱ्हाणं आहे ताई, जोडलेला नाही."

"आहे ना. दोनदा जोडलाय. पहिल्यांदा प्रवेशाच्या दिवशी. मग आपण मोकळा करून दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच जोडला गेलाय. मेन गेटवर."

"पोरगी त्या वेळी तासाला होती."

"फोनचं नाव येतं इथं, थांबा." तिने मान वाकडी करून वाचलं. "माऊली मोबाईल मार्गासनी." मग माझ्याकडं बघितलं. "हे काय आहे काका, दुकान आहे का?"

मी खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला. वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण होती. आजही गेटवर टिंग वाजलं होतं, ते मी ऐकलं होतं.

ती चांगली मुलगी होती, हसली नाही. "एकदा पासवर्ड टाकला की फोन विसरत नाही ना काका. जवळ आला की स्वतःहून लागतो. तुम्ही इथून काढून टाका, मी आत्ता साहेबांना विचारून मोकळा करते."

फोनवर त्या नेटवर्कच्या नावाखाली एक शब्द येतो, "विसरा". गिऱ्हाइकांच्या फोनवर मी तो हजारदा दाबलाय. दाबला. काही आवाज झाला नाही. जोडताना वाजतं, सुटताना वाजायची सोय मी केलेली नाही.

मी विचारलं, मागची हजेरी लागेल का. ती म्हणाली, ते आमच्याकडं नाही, तिकडच्या इमारतीत विचारा.

तिकडच्या इमारतीत विचारलं. सगळं खरं खरं सांगितलं. त्या साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, सिस्टीममध्ये जे आहे ते आहे. पोरीच्या आयडीवर फोन जोडलेला होता असंच दिसतंय, म्हणजे आमच्या बाजूने अडचण नव्हती. मी म्हटलं, अडचण माझ्या बाजूने होती, तिच्या नाही. ते म्हणाले, तसा रकाना नाही.

७ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही.

९ नोव्हेंबर

वैष्णवीला सांगायला फोन लावला. काय बोलायचं ते मनात दहादा घोळवलं होतं. तिने उचलला आणि मी "हे बघ" म्हटलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मला कळलंय, आबा. त्या अश्विनीताईंनी सांगितलं."

"कधी?"

"तुम्ही येऊन गेलात त्याच दिवशी. त्यांनी बोलावून घेतलं, म्हणाल्या आता लाव. जिन्यात उभी राहून लावला."

"लागला?"

"लगेच."

माझ्या कानाला तिच्या मागचा आवाज येईना. कुठंतरी एकटीच असणार. ती रागावेल, रडेल, असं मी धरून चाललो होतो. तसं काही झालं नाही. म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

त्यानंतर मी एक चूक केली. म्हणालो, "मी फक्त बघत होतो, पोरी. जोडत नव्हतो. माझ्या रीतीप्रमाणे बघून घेत होतो."

"माहीत आहे," म्हणाली.

२८ नोव्हेंबर

माफी रद्द झाल्याचं पत्र आलं. पोस्टमनने दुकानात आणून दिलं, चार माणसांत. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि गिऱ्हाइकाला काच बसवून दिली. काच वाकडी बसली. पुन्हा काढून बसवली.

मंगलला म्हटलं, दुकान विकून फी भरू. तिने भात कापून आणलेला विळा धुता धुता विचारलं, "तिनं मागितलंय का तुमाला?" मी म्हटलं, नाही. "मग आदी तिला इचारा. एवढं एकदा तरी तिला इचारा."

विचारलं. वैष्णवी नाही म्हणाली. सत्र संपेपर्यंत बसते, परीक्षा देते, मग येते म्हणाली. पुढच्या जूनला भोरच्या कॉलेजात अर्ज भरणार आहे. ज्या विषयासाठी गेली होती तो भोरला नाही. जो आहे तो घेईन म्हणाली.

गेनबांचं खाचर गेलं तेव्हा त्या जागी निदान पाणी तरी आलं. उन्हाळ्यात धरण आटलं की बांधाची रेघ वर येते, मी एकदोनदा जाऊन बघितली आहे. या खेपेला बघायला जावं असं कुठं काही नाही.

२१ डिसेंबर

काल पोर आली. सोमनाथच्या टेम्पोत गादी, बादली, पुस्तकांचं खोकं. मी खोकं उचलायला गेलो तर तिने एका बाजूने धरलं, मी एका बाजूने. जड होतं. आत ठेवल्यावर तिने आधी फोन काढला आणि घरच्या वायफायला स्वतःच जोडला. मी बाहेर पायरीवर होतो. पासवर्ड तिने आईला विचारला.

आज सावळाराममामा आले. काठी दोनदा आपटली, खोकले, बसले. त्यांचा फोन भरलाय, नवीन काही मावत नाही. "नकू असल ते काढून टाक," म्हणाले. मी एकेक काढत गेलो. देवाचे फोटो, कुणाकुणाचे वाढदिवस, मेंढरांचे धूसर व्हिडिओ. मग एका ठिकाणी बोट थांबलं.

मामांनी वाकून बघितलं. "ह्यो बी काढतो का?"

मी म्हटलं, राहू द्या.

त्या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून मी स्वतःहून पाठवलेली वस्तू ही एवढी एकच. फोटोत गेट आहे आणि गेटसमोर मी आहे. वैष्णवी रांगेत होती.